आम्ही मण्यार

आमच्या आडनावाचा एक साप आहे. हे आम्हाला पाचवीत कळलं. विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर चार विषारी सापांची नावं लिहिली : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. दुसऱ्या नावावर खडू थांबला आणि सगळा वर्ग मागे वळून आमच्याकडे बघायला लागला. रेशनकार्डावर आमचं नाव मणियार होतं, शाळेच्या दाखल्यावर मण्यार. मराठी तोंडात दोन्ही एकच. मधल्या सुट्टीत पोरं आमच्या मागे फूत्कार काढत फिरली. घरी येऊन आम्ही रडलो तेव्हा अब्बा हसले. म्हणाले, "अरे, उसके अंग पे बांगड्या रहते. वो बी अपनाच धंदा करता."

आम्ही घरात 'हम' म्हणणारी माणसं. मराठी शाळेत गेल्यावर गुरुजींनी 'मी' म्हणायला शिकवलं, परीक्षेपुरतं ते जमलंही. लिहायला बसलो की मात्र जुनी खोड निघते आणि 'आम्ही'च कागदावर उतरतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

महागाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं गाव. पुसद एका हाताला, उमरखेड दुसऱ्या. पूस नदी आमच्या तालुक्यातूनच पुढे जाते आणि हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. जमीन काळी, पीक कापसाचं. अब्बा सायकलला पेटी बांधून फिरायचे. पेटीत फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, सव्वादोनचं माप, अडीचचं माप, लेकरांची बारीक मापं. गुंज, मुडाणा, हिवरा, फुलसावंगी ही त्यांची गावं. कुठल्याही दारात हाक आली, की ओसरीवर बसायचं, बाईचा हात हातात घ्यायचा आणि एकही न फोडता बांगडी मनगटावर चढवायची. परका पुरुष, वेगळा धर्म, पण मण्यारभाऊंच्या हातात हात द्यायला कुण्या सुनेला सासूची परवानगी लागत नसे. सगळ्यात जास्त धंदा व्हायचा नागपंचमीच्या आधी. नव्या बांगड्या भरल्याशिवाय बाया वारुळाला जात नसत.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. एका खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस भरलेला. कापूस आणि जवारीच्या कणग्या, म्हणून उंदीर. दिव्याला किडे, म्हणून पाली. उंदीर आणि पाली आहेत तिथे साप येणारच. पावसाळ्यात महिन्याकाठी एखादा तरी निघायचा. अंगावर पांढरे पट्टे असलेला कुठलाही साप आमच्या मोहल्ल्यात 'कवड्या' असायचा. अम्मा म्हणायची, "कवड्या है, कुछ नै करता." तरी काठी मात्र पडायचीच.

१९८१ सालचा रमजान जुलैत आला होता. बाहेर झड लागलेली. आमची धाकटी बहीण नऊ वर्षांची होती, घरात सगळे तिला छोटी म्हणायचे. तिला दुसऱ्या दिवशी आयुष्यातला पहिला रोजा धरायचा होता. सहरीला उठवायला विसरू नका, असं चारचौघांना बजावून ती झोपली. आम्ही सगळी भावंडं खाली गोधडीवर एका ओळीत झोपायचो. ती भिंतीकडच्या टोकाला होती.

रात्री दोन-अडीचला ती उठली. पोट दुखतं म्हणाली. इफ्तारला भजी जास्त खाल्ली असतील, म्हणून अम्मानं ओवा चावायला दिला. थोड्या वेळानं सहरीसाठी कंदील लावला, तर चाचांना घडवंचीच्या खाली साप दिसला. हातभर लांब, पट्टेवाला. त्यांनी तो मारला आणि काठीवर घेऊन अंगणात टाकला. "कवड्याच होता," कुणीतरी म्हणालं आणि सगळे जेवायला बसले. छोटी बसल्याबसल्या पेंगत होती. डोळे उघडत नव्हते. अम्मा म्हणाली, "नींद में है बिचारी, सोने दो. रोजा कल रखेगी."

ती झोप नव्हती. हे आम्हाला कळायला उजाडावं लागलं. फजरच्या अजानच्या सुमारास तिला पाणी गिळता येईना. आवाज नाकातून यायला लागला. तोंडातून लाळ गळत होती आणि पापण्या हातानं उचलल्या तरी खाली पडत होत्या. जीप मिळेपर्यंत आठ वाजले. पुसदच्या वाटेवरच तिचा श्वास थांबला. अंगावर कुठेही खूण सापडली नाही. ना सूज, ना रक्त. जुहरनंतर दफन झालं.

संध्याकाळी विज्ञानाचे तेच गुरुजी भेटायला आले. अंगणात तो साप तसाच पडलेला, मुंग्या लागलेल्या. गुरुजींनी काडीनं तो उलटापालटा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अब्बांना जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मण्यारभाऊ, हा कवड्या नव्हे."

अब्बा उकिडवे बसून त्या सापाकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी बांगड्यांच्या जोड्या लावल्या होत्या. गुरुजींनी दाखवलं ते त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

ईद झाली आणि त्याच आठवड्यात नागपंचमी आली. त्या वर्षी अब्बा घराबाहेर पडणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. ते गेले. पण त्या फेरीपासून त्यांच्या बोलण्यात एक नवी गोष्ट आली. बाईचा हात हातात असताना ते तिला साप समजावून सांगायचे. त्यांची भाषा धंद्याची होती. "कवड्या एकेक बांगडी घालतो, मण्यार दोन-दोन घालतो. कवड्याच्या गळ्याशीच पट्टा असतो, मण्याराची मान मोकळी. कवड्याच्या बांगड्या शेपटीकडे पुसट होत जातात, मण्याराच्या शेपटीकडे ठसठशीत होतात. कवड्या मातकट तपकिरी, मण्यार काळा, निळी झाक, तेल लावल्यावाणी." ऐकणाऱ्या बाया आधी हसायच्या, मग गप्प व्हायच्या. बातमी गावोगाव पोहोचलेली होती.

पुढे आम्ही शिकलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, सापांवरची पुस्तकं मिळतील तशी वाचली. अब्बांचा धडा तपासून पाहावा असं मनात होतं. तो बहुतांशी खरा निघाला. मण्याराचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीनं असतात, डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि मागे विरतात. कवड्याचं डोकं चपटं, पुढचे दात लांडग्यासारखे मोठे. तो पालींच्या मागे सरसर भिंत चढतो. मण्यार बहुधा जमिनीवरच वावरतो. दिवसा सुस्त पडून राहतो, वेटोळ्यात डोकं लपवतो. रात्री तोच साप वेगळा असतो.

पण धड्यात खाचाखोचाही निघाल्या. जुन्या मण्याराचे पट्टे पुसट होतात, कधी दिसेनासे होतात. काहींचे पट्टे जोडीनं नसतातही. मण्याराचं पिल्लू कवड्याएवढंच असतं, म्हणून लांबीवर जाता येत नाही. छोटीला चावलेला हातभरच होता. खात्रीची खूण पाठीवर असते : मण्याराच्या पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षट्‌कोनी असते. पण ती पाहायला जितकं जवळ जावं लागेल तितकं जवळ कुणी जाऊ नये. कुठे कात सापडली तर मात्र ही रांग निवांत पाहता येते. आम्ही शाळेत मुलांना कातीवरच शिकवायचो.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली आणि ती कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही. मण्यार इतर सापांनाही खातो. म्हणजे घरात कवड्या निघाला, म्हणून मण्यार नाही असं होत नाही. उलट एकाच भिंतीत दोघंही असू शकतात. 'कवड्या होता, काही होत नाही' हे वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही.

शेतातल्या गोंधळाचंही सांगतो. आमच्या भागात घोणसला परड म्हणतात. जाड अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि चिडली की कुकरच्या शिटीसारखा आवाज. तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. अजगराचे ठिपके वेडेवाकडे असतात, कापडावर पडलेल्या डागांसारखे. उलट बिचारी डुरक्या घोणस, विष नसलेली, आखूड शेपटीची, केवळ अंगावर डाग आहेत म्हणून परड समजून ठेचली जाते. धामणीचं तेच. लांब आणि वेगवान, म्हणून नाग समजून मारतात. तिला फणा नसतो, विष नसतं. ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते अशी गोष्ट आम्हीही लहानपणी खरी मानत होतो. सापाला दूध पचत नाही आणि आचळ चोखायला त्याला ओठही नाहीत. धामण खाते उंदीर. कणगीची राखणदारीण मारून आम्ही उंदरांना मोकळं रान दिलं.

या गोंधळानं फक्त सापच मेले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यावर एक मोठा धंदा उभा आहे. विष उतरवणाऱ्याकडे जे लोक जातात, त्यातल्या पुष्कळांना कवड्या, धामण, पाणदिवड असलंच काही चावलेलं असतं. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. ही माणसं धागा बांधला नसता तरी बरी झाली असती. ती घरी चालत येतात आणि उतरवणाऱ्याचं नाव चार गावांत होतं. मग एक दिवस मण्यार चावलेला येतो. तो मरतो, तेव्हा दोष त्याच्या नशिबाला. धागा देवस्थानाचा असो की पाणी आमच्या बाबांनी फुंकलेलं असो, हिशोब एकच आहे. आमच्या बिरादरीत हे बोललं की नाराजी होते. आम्ही बोलतो. आमच्या घरात एक जागा रिकामी झाली आहे, तेवढा हक्क आम्हाला आहे.

छोटी गेली त्याच्या आदल्या वर्षी, १९८० मध्ये, पुण्याचे नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. आमच्याकडे लोक म्हणायचे, त्यांना मंत्र येतो. मंत्र नव्हता, सापांची जाण होती. साप काय करतो आणि काय केल्यावर चावतो हे माणसाला कळलं, तर दोघंही एका खोलीत जिवंत राहतात.

कवड्याबद्दल अभ्यासक असं मानतात, की त्याला हे रूप त्याच्या फायद्याचं आहे. रानात शत्रू त्याला मण्यार समजून बाजूला होतात. म्हणजे जे रूप त्याला रानात वाचवतं, तेच माणसाच्या घरात त्याच्या जिवावर उठतं. त्यानं काही केलेलं नसतं. तो फक्त कुणासारखा तरी दिसतो. आणि आम्ही? आम्ही तर कुणासारखे दिसतही नव्हतो, नुसतं नाव एक होतं. गावात काही तणाव झाला, की ज्या ओसऱ्यांवर अब्बा वीस-वीस वर्षं बसले त्या चार-आठ दिवस बंद व्हायच्या. मग एखादी म्हातारी हाक मारायची, "मण्यारभाऊ, ये ना गा, पोरीचे हात रिकामे हाये." अब्बा जायचे. राग धरायचे नाहीत. एकदा आम्ही विचारलं तर म्हणाले, "उनकू पैचान है, बस डर लगे तो भूल जाते." याहून जास्त ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही बोलत नाही.

आता २०१९ ची गोष्ट सांगतो. ऑगस्ट महिना, पहाटेचे तीन. शेजारच्या घरातून दार वाजलं. त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाचं पोट दुखत होतं, एकदा उलटी झाली होती. ओव्याचा अर्क आहे का म्हणून विचारायला आले होते. आम्ही चपला न घालताच गेलो. पोरगं खाली चटईवर झोपलं होतं. आम्ही त्याच्या तोंडावर बॅटरी मारली आणि म्हणालो, "बेटा, माझ्याकडे बघ." त्यानं बघायचा प्रयत्न केला. डावी पापणी अर्ध्यावरच थांबली.

साप कुणी पाहिला नव्हता. अंगावर खूण नव्हती. घरात वाद सुरू झाला. कुणी म्हणालं अपचन आहे, कुणी म्हणालं उजाडू द्या. एकजण मोबाइलच्या उजेडात सापाचा शोध घ्यायला लागला, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. आम्ही त्याचा हात धरून त्याला बसवलं. १०८ ला फोन लावला. पोराला कुशीवर निजवलं, पट्टी बांधू दिली नाही, पाय कापू दिला नाही. डॉक्टरांना एवढंच सांगितलं : जमिनीवर झोपला होता, रात्री पोट दुखलं, पापणी पडते आहे. त्यांना तेवढं पुरलं. प्रतिविष सुरू झालं. तरी श्वास मंदावला, मोठ्या दवाखान्यात हलवलं, चार दिवस यंत्रावर ठेवलं. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून श्वास घेतला. आठवड्यानं घरी आला आणि पहिलं काय मागितलं तर भजी.

त्या रात्री आम्हाला अब्बांच्या धड्याचा राहिलेला भाग सापडला. साप ओळखायचा तो चावायच्या आधी. कुठला टाळायचा, कुठल्याला वाट द्यायची, कुणाला मारायचं नाही, यासाठी. चावल्यानंतर सापाच्या ओळखीत एक मिनिटही घालवायचं नाही. आपल्याकडचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच असतं. डॉक्टर लक्षणं पाहून ते देतात. लेकराला मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण साप लेकरू म्हणून विष कमी सोडत नाही. मण्याराच्या विषानं एकदा नसांची टोकं धरली, की औषधाचा उपयोग कमी होत जातो. पण श्वास यंत्रानं चालू ठेवला, तर माणूस काही दिवसांत परत येतो. म्हणून वेळ महत्त्वाची.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. वर्षाला साधारण ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, जवळपास निम्मी पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरवलं आहे. व्हावं तसं. पण आराखडा महागावच्या मातीच्या घरात पोहोचेपर्यंत एक खाट आणि एक मच्छरदाणी पोहोचू शकते. मण्यार झोपलेल्या माणसाला चावतो, तेही बहुधा जमिनीवरच्या. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचली, तर डासही अडतो आणि तोही.

अब्बा १९९८ मध्ये गेले. त्यांची पेटी आमच्याकडे आहे. तिच्यात थोड्या काचेच्या बांगड्या अजून शिल्लक आहेत, सगळ्यात बारीक मापाच्या. त्या विकल्या नाहीत, कुणाला भरल्याही नाहीत.

मोहल्ल्यातली पोरं आता मोबाइलवर सापाचे फोटो आणून दाखवतात. "चाचा, कवड्या ना?" आम्ही चष्मा लावून बांगड्या मोजतो, मान पाहतो, शेपटी पाहतो. खात्री झाली तरी उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारतो, "घरात खाली कोण झोपतं?"